कडकट्टमामा

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर अणदूरला उतरलात, की मामांचं घर विचारावं लागत नाही. पाण्याच्या टाकीपासून लिंबाच्या झाडापर्यंत 66 फूट तार ताणलेली दिसेल, तिच्यावर शेजारणीचं लुगडं वाळत असेल, तेच. तार म्हणजे 40 मीटर बँडचा अँटेना. लुगडं ओलं असलं की मामांना जपान लागत नाही.

मामा हॅम आहेत, हौशी वायरलेसवाले. हा किडा शिरला 1993 साली. 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी-सास्तूरकडं जमीन हलली, फोन मुके झाले, आणि बॅटरीवर संच चालवून निरोप पोचवणारी ही हौशी मंडळी मामांनी पाहिली. त्यानंतर मामांचं चित्त कायमचं आयनोस्फिअरमध्ये.

परवाना दिल्लीहून, दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसीकडून येतो. त्यासाठी पोलीस चौकशीला आले, तेव्हा मामांनी नेमकं काय केलं, यावर पारावर आठवडाभर चर्चा चालली. परवान्यात दोन वर्ग. रिस्ट्रिक्टेडला मोर्स, म्हणजे तारेची कडकट्ट लिपी, लागत नाही, त्यांचं हवेतलं नाव व्हीयू थ्रीनं सुरू होतं. जनरलला मिनिटाला 8 शब्दांनी मोर्स ऐकून-पाठवून दाखवायचं, त्यांचं व्हीयू टूनं. मामा व्हीयू टू. राजीव गांधीही व्हीयू टू आरजी होते, म्हणून मामा त्यांना ‘आमच्यातले’ म्हणतात. व्हीयू थ्रीवालं पोरगं भेटलं, की कॉपी करून पास झालेल्याकडं बघावं तसं बघतात. मोर्सची जागतिक सक्ती 2003 साली उठली, आपलं तारखातं 2013 च्या जुलैत बंद पडलं. मामांना विचारा, “आता कशाला हे कडकट्ट?”

“हायवे झाला म्हणून लोक तुळजापूरला चालत जायचं सोडलेत का?”

त्या आठ शब्दांसाठी सगळं घर वेठीला. ताटावर चमचा, खाटेवर नख. वाघ्याच्या दिमडीतही मामा अक्षरं शोधत. कुकरच्या तीन लांब शिट्ट्या झाल्या, की मोर्समधलं अक्षर ओळखून मामा ओरडत, “ओ!” मामी म्हणत, “ओ न्हाई, डाळ शिजली.”

एवढं करून बोलतात काय? नाव, गाव, सिग्नल, हवामान. “इकडं 41 डिग्री.” “इकडं बर्फ.” “73.” म्हणजे राम राम. मामी म्हणतात, एवढं तर पोस्टकार्डावर मावतंय. मामा पेटीतून कार्ड काढून दाखवतात: काही महिन्यांनी तेही येतं.

हॅमांच्या भाषेत गाव म्हणजे क्यूटीएच. खंडोबाचे क्यूटीएच दोन, हे मामांचं आवडतं वाक्य. देव वर्षातला मोठा काळ अणदूरला, दोनेक महिने नळदुर्गाजवळ मैलारपूरला. आणि हलताना मानकऱ्यांचा लेखी करार. “बघा, स्टेशन हलवायचं तर देवालाबी कागद लागतो.”

विकतचा संच मामांच्या लेखी जावयाला आंदण मिळालेल्या मोटरसायकलीसारखा. खरा संच स्वतः झाळलेला, आतून कुणी दुसऱ्यानं पाहू नये असा. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी बिटएक्स नावाचा संच आखला, साध्या मिळतील त्या भागांचा. त्यातलं एक कॉइल चक्क नळाच्या वॉशरवर गुंडाळायचं. “आपल्याच रस्त्यावरचा माणूस!” म्हणत मामा पान्हा घेऊन मोरीत शिरले. पहिलं कॉइल बिघडलं, दुसरं सैल झालं, तिसरं जमलं. घरात नळ तीनच.

संच छान चालतो. रात्री मोरीतून टप्, टप् ऐकू येतं. मामी म्हणतात, “वॉशर आणा की ओ.”

“गप गं,” मामा कान टवकारतात. “ई आला. अजून एक ई.”