शुद्धिपत्रक

"जीएसटी कधी लागू झाला?"

अकाउंट्समध्ये एकोणीस वर्षं काढलेल्या माणसाला हे विचारणं म्हणजे हलवायाला साखरेची चव विचारणं. मी ताठ बसून सांगितलं, "8 नोव्हेंबर 2016, मध्यरात्रीपासून." समोरच्या मॅडम "ओके" म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी खरडलं. फारच छोटं होतं ते. फुली असावी.

अंधेरीहून मेट्रोने घाटकोपरला आलो. गर्दीत जिना उतरताना, पुढच्याची सॅक नाकाला घासत असताना, एकदम ट्यूब पेटली. अरे, ती नोटबंदी! जीएसटी 1 जुलै 2017! दोन्ही मध्यरात्रीच आले, तिथेच माझा घोळ झाला. अठराव्या शतकात दिदरो नावाच्या फ्रेंच लेखकाने लिहून ठेवलंय, की जेवणाच्या टेबलावर एकाने त्याला निरुत्तर केलं आणि अशा वेळी आपल्याला उत्तर सुचतं ते जिन्याच्या तळाशी पोचल्यावर. फ्रेंच भाषेत अशा उशिरा सुचलेल्या शहाणपणाला जिन्याचंच नाव आहे. त्याला निदान मागून कोणी "भाऊ, चला ना पुढे" म्हणत नव्हतं.

लोकलमध्ये मेल लिहायला घेतला. ठाण्यापर्यंत दोन ओळी होत्या. मग वाटलं, लिहितोच आहोत तर 'तुमचा अवगुण कोणता' याचंही जरा बरं उत्तर देऊन टाकू. दिवा येईपर्यंत पाच परिच्छेद झाले.

घरी बायको म्हणाली, "त्या बाई विसरल्याही असतील. तू दे आठवण करून."

बाबा विक्रीकर खात्यातून निवृत्त. फोन हातभर लांब धरून त्यांनी सगळं वाचलं. "निबंध कसला लिहितोस? शुद्धिपत्रक काढ. घे लिहून: '8 नोव्हेंबर 2016' ऐवजी '1 जुलै 2017' असे वाचावे."

"आणि दिलगिरी?"

"शुद्धिपत्रकात दिलगिरी नसते. रडगाणं तर नसतंच."

मला पटलं. चुकलेली तारीख मेलने सुधारता येते. 'पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता' यावर मी जे बरळलो, ते ब्रह्मदेवालाही सुधारता आलं नसतं. बाबांच्या वाक्याखाली आभाराची एक ओळ जोडली आणि पाठवून दिलं.

सकाळी उत्तर आलं. एकच शब्द: "नोटेड."

बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"आमच्याकडे 'नोंद घेतली' असा शेरा पडला, की फाइल कपाटात जायची."