तळव्याचा सेल्फी

दर ३० जानेवारीला ग्रामसभेत कुष्ठरोगाविषयीची शपथ वाचली जाते. मोहिमेचं नाव ‘स्पर्श’. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी, कारण या आजारात नेमका तोच हरवतो. जंतू नसांवर जाऊन बसतो. मग हाताला तवा कळत नाही, पायाला काटा कळत नाही. आणि अशा माणसाने स्वतःची काळजी घ्यावी म्हणून त्याच्या हाती आता काय द्यायचं म्हणतात? टचस्क्रीन.

हसू नका, कल्पना चांगली आहे. काळजी म्हणजे काय, ते बघा. रोज घमेल्यात साधं पाणी घ्यायचं, वीसेक मिनिटं पाय बुडवून बसायचं, खरबरीत दगडाने घट्टे घासायचे आणि पाय ओला असतानाच तेल चोळायचं. घाम आणणाऱ्या नसाही गेलेल्या, त्यामुळे कातडी कोरडी पडते, भेगाळते आणि भेगेतून जखम आत शिरते. शेवटी तळवा निरखायचा. तुमच्या-माझ्या पायात खडा रुतला तर पायच बोंब मारतो. इथे पाय मुका. म्हणून रोज डोळ्यांनी त्याची विचारपूस करायची, जन्मभर.

पण साठीतल्या गुडघ्यांनी स्वतःचा तळवा बघून दाखवा. आरसा ठेवा म्हणतात. आरशापेक्षा फोन बरा: फोटो काढला, बोटांनी मोठा केला, कालच्या फोटोशी ताडून पाहिला, लाली दिसली तर आरोग्य सेवकाला धाडला. देशात दिवसाकाठी जेवढे सेल्फी निघतात, त्यात औषधी गुण असलेला हा एकच.

मग अडतंय कुठे? पहिलं बोटात. पडद्याला कातडीची थोडी ओल लागते. कोरड्या, घट्टे पडलेल्या बोटाला तो ओळखच देत नाही. आखडलेल्या बोटांना ‘मोठा करून बघा’ म्हणणं हा तर चेष्टेचाच प्रकार. अंगठ्याने कुलूप उघडायला अंगठ्यावर रेषा शिल्लक हव्यात. रेशनच्या मशीनपुढे हा अपमान गिळलेल्या माणसाला तोच आपण घरपोच करतो आहोत. त्यापेक्षा बटणांचा जुना फोन, मिस्ड कॉल आणि पलीकडून वऱ्हाडीत किंवा गोंडीत बोलणारा माणूस बरा. पण त्याला ‘अ‍ॅप’ म्हणता येत नाही आणि लोकार्पणाला मंत्री येत नाहीत.

दुसरं घरात. फोन एक, माणसं सहा. संध्याकाळी सातला ‘कुष्ठरुग्णांनी पाय तपासावेत’ असा संदेश टिंग करून येतो तेव्हा फोन नातवाच्या हातात, नातवाच्या शेजारी त्याचा मित्र. आजीने वर्षानुवर्षं झाकलेली गोष्ट दोन सेकंदांत गावभर. ‘पाय बघितला का?’ एवढंच लिहिलं तर काय बिघडतं? शुगरवाल्यांचे पायही बधिर होतात, त्यांनाही तळवे तपासायला सांगतात. फरक इतकाच की शुगर असल्याचं माणूस लग्नाच्या पंगतीत जिलबी नाकारताना मोठ्याने सांगतो.

तिसरं कागदावर. गोळ्या सहा महिने किंवा बारा महिने. फुकट मिळतात, जंतू मरतो, उत्तम. कोर्स संपला की नाव उपचाराच्या यादीतून कमी. मेलेली नस मात्र यादी वाचत नाही. डिसेंबर २००५ मध्ये देशातलं प्रमाण दर दहा हजारांमागे एकाच्या खाली आलं आणि ‘निर्मूलन’ झाल्याचं आपण जाहीर केलं. खरं तर ते ‘सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून निर्मूलन’. पण एवढं लांब कोण लक्षात ठेवतो? २०२३ मध्ये जगात १ लाख ८२ हजारांवर नवे रुग्ण सापडले, त्यातले १ लाख ७ हजारांवर आपल्याकडचे. निर्मूलन झालेल्या रोगाची ही तब्येत बरी म्हणायची.

सेवाग्रामला कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींच्या अंगाला गांधीजी स्वतः तेल चोळत. आता तेल चोळायची आठवण फोन करून देतो, चोळायचं आपलं आपण. हरकत नाही, प्रत्येकाच्या वाट्याला गांधी कुठून आणायचा? पण फोन म्हणजे दोन टोकांची वस्तू. रुग्णाच्या टोकाचा विचार निदान कुणीतरी करतं. दुसऱ्या टोकाला कोण आहे? आशाताई आहेत, त्यांच्याच फोनवर बाळंतपणं, लसी, डेंग्यू, क्षयरोग आणि सर्व्हेचे सतरा नमुने. आरोग्य सेवकाची जागा भरलेली असेल तर तोही आहे.

समजा, चंद्रपूरकडच्या एका गावातल्या काकूंनी सगळं शिकून घेतलं. पाय भिजवला, घासला, नातवाकडून तळव्याचा फोटो काढून घेतला. अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम. फोटो गेला. दोन रेघा निळ्या झाल्या. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: ‘जखम झालेल्या पायावर भार देऊ नये, चालू नये. उपचारासाठी आरोग्य केंद्रात यावे.’

केंद्र नऊ किलोमीटरवर. एसटी सकाळी एकच, तीही शाळा असेल तेव्हा. सध्या सुट्ट्या आहेत.