मुक्कामी नाना

पारोळ्याच्या बाजारपेठेतून एखादी जुनी ओम्नी चाललीय, खिडक्यांना नानींच्या जुन्या पातळाचे पडदे आहेत, टपावर प्लास्टिकच्या दोन खुर्च्या उलट्या बांधल्यात आणि मागच्या दारातून मच्छरदाणीचं टोक बाहेर लोंबतंय, असं दिसलं की समजावं, मुक्कामी नाना निघाले. कुठे निघाले हे विचारू नये. त्यांनाही ते ठाऊक नसतं. रात्रीचा मुक्काम फुकट कुठे पडेल यावर गाव ठरतं, आणि गाव ठरलं की मग तिथे बघण्यासारखं काय आहे याचा शोध सुरू होतो.

असा एक तरी नाना अलीकडे खानदेशात तालुक्यागणिक सापडतो. अमळनेरचा नाना बँकेतून निवृत्त झालेला असतो, एरंडोलचा एसटीतून, पारोळ्याचा जिल्हा परिषदेच्या शाळेतून. पेन्शन वेळेवर, गुडघे अजून शाबूत, मुलं पुण्याला किंवा त्याहून लांब, आणि लॉजचं भाडं ऐकलं की छातीत कळ. ‘रात्रभर डोळे मिटून पडायचे एवढे पैसे? डोळे तर आपलेच ना?’ या प्रश्नाला आजवर एकाही लॉजच्या मॅनेजरला उत्तर देता आलेलं नाही.

आमच्या नानांना ही लागण आयोवात झाली. मुलगा तिकडे नोकरीला. त्यानं आईवडिलांना न्यूयॉर्क वगैरे दाखवायचं सोडून झोपण्या-रांधण्याची सोय असलेली एक गाडी भाड्यानं घेतली आणि आयोवा-नेब्रास्काच्या शेतकरी गावांतून फिरवलं. अमेरिकेत सगळ्यात जास्त मका पिकतो तो आयोवात. नानांनी दोन्ही बाजूंचा मका बघितला, आणखी मका बघितला, आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, ‘यांची दादर ज्वारी कुठे असते?’ गावं मात्र त्यांना फार आवडली. आभाळात घुसलेली धान्याची उंच कोठारं, गावाचं नाव लिहिलेली पाण्याची टाकी, एक मोठा रस्ता, त्यावर ट्रॅक्टरचं दुकान, आणि बियाणं कंपनीनं फुकट दिलेल्या टोप्या घालून बसलेले म्हातारे. ‘हे तर आपलं धरणगाव! फक्त कोनी बोलत नाही,’ हा नानांचा अभिप्राय.

तिथल्या लहान गावांतल्या बागेत अशी गाडी लावायची सोय असते. पाणी असतं, विजेचा खांब असतो, आणि पैसे घ्यायला माणूस नसतो. एका लोखंडी पेटीत पाकीट टाकायचं, त्यावर गाडीचा नंबर लिहायचा, संपलं. नाना त्या पेटीभोवती बराच वेळ फिरले. बघायला कोणी नाही, विचारायला कोणी नाही, तरी पैसे टाकायचे! न टाकता त्यांना झोप आली नसती हे खरं, पण टाकल्यावरही आली नाही. गाडी लिटरला चार किलोमीटर चालते हे कळल्यावर तर उरलेला प्रवास त्यांनी डोळे डिझेलच्या काट्यावर ठेवून केला. गाडीचं सांडपाणी जाड नळीनं कसं रिकामं करायचं असतं, हे मात्र ते परत आल्यापासून प्रत्येक पंगतीत, साधारण वरण वाढलं जात असताना, सविस्तर सांगतात.

परत येऊन त्यांनी ओम्नी घेतली. ही गाडी २०१९ साली निघायची बंद झाली, त्यामुळे जुनी आणि स्वस्त, म्हणजे नानांच्या दृष्टीनं सर्वगुणसंपन्न. मागची सीट काढून तिथे फळी टाकायची योजना होती. वेल्डिंगवाल्याकडे बसलेल्या एका जाणत्यानं सांगितलं, गाडीत असे फेरफार परवानगीशिवाय करता येत नाहीत, मोटार वाहन कायद्यात १९८८ पासून कलम ५२ आहे. नानांनी आयुष्यभर परिपत्रकं पाळलेली. सीट जागेवरच राहिली आणि तिच्यावर उचलून ठेवता येईल अशी फळी आली. फळीवर गोधडी, फळीखाली पाच किलोचा सिलिंडर, शेगडी, पाण्याचा जार, घमेलं, ऊन-पावसाची छत्री, गाडी सपाट उभी राहावी म्हणून चाकाखाली घालायचे लाकडी ठोकळे, आणि वायरीचं एक भलंमोठं भेंडोळं. ही वायर दिसेल त्या देवळाच्या होल्डरपासून गाडीपर्यंत पोचते. एवढं करून ओम्नी चढाला धापा टाकायला लागली, तेव्हा नानांनी एका जिनिंगच्या आवारातल्या वजनकाट्यावर ती चढवली. आकडा बघून चौकीदार म्हणाला, ‘नाना, कापूस भरेल शे का?’ झडती झाली. फळीच्या टोकाला, गोधड्यांच्या आत, नानींनी मांड्यांचं खापर आणि पाटा-वरवंटा आणला होता. खापर उतरवा म्हटल्यावर नानी स्वतः उतरायला निघाल्या, तेव्हा खापर राहिलं आणि नानांनी ठोकळ्यांतला एक ठोकळा कमी केला. तेव्हापासून गाडी एका अंगाला किंचित कलून उभी राहते आणि नाना रात्रभर हळूहळू नानींच्या बाजूला घसरत जातात.

स्वावलंबन हे या प्रवासाचं ब्रीद. ‘कोनाच्या दारात जायचं नाही, आपलं रांधायचं, आपलं खायचं, आपल्याच गाडीत झोपायचं.’ अमेरिकेत ते जमलं, कारण तिथे कोणी बोलावलंच नाही. तापीकाठच्या एखाद्या गावात संध्याकाळी मारुतीच्या देवळासमोर काय होतं ते बघण्यासारखं असतं. नाना ठोकळे लावतात. खुर्च्या उतरवतात. शेगडी पेटते, पातेल्यात खिचडीचं पाणी चढतं. तोवर पारावरचा एक म्हातारा उठून येतो आणि पातेल्यात डोकावून विचारतो,

‘कोनता गावना शेतस?’

‘पारोळा.’

‘पारोळामा कोनाकडला?’

इथे स्वावलंबन संपतं. चौथ्या प्रश्नाला म्हाताऱ्याच्या सुनेचं माहेर निघतं, पाचव्याला नानांचा एक जुना विद्यार्थी त्या गावचा जावई निघतो, आणि सहाव्याला म्हातारा स्वतःच्या हातानं शेगडीची चावी बंद करतो. ‘गाडीमा काब्र झोपतस? घर शे ना आम्हनं!’ मग कळण्याची भाकरी येते, हिवाळा असेल तर भरीत येतं, उशीर झाला तर शेवभाजी येते, आणि कोणी सकाळीच गाठलं तर वरण-बट्टी खाल्ल्याशिवाय गाडी हलू दिली जात नाही. नाना ‘नको नको’ म्हणतात, पण ते म्हणताना हात धुवायला उठलेले असतात. रात्री वहीत जमाखर्च मांडताना जेवणाच्या रकान्यात शून्य पडतं आणि नानांना आयुष्य सार्थकी लागल्यासारखं वाटतं. नानींचा हिशेब वेगळा. डास घोंगावत असताना त्या एकदाच बोलल्या होत्या, ‘आपलं घर शे, घरमा पलंग शे, पलंगवर गादी शे. मंग आपन आठे काब्र उनूत?’ याचं उत्तर वहीत नाही.

वही मात्र वाचावी अशी आहे. शाळातपासणीची सवय गेलेली नाही. गाव, जागा, पाणी, संडास, कुत्री, शेरा असे रकाने. एरंडोलजवळचं पद्मालय, जिथे एक सोडून दोन गणपती आहेत, तिथला शेरा: ‘दर्शन उत्तम, तळे रम्य, माकडांमुळे खुर्च्या वरच ठेवणे.’ चांगदेवचा तापी-पूर्णा संगम: ‘वारा भरपूर, पंखा लागला नाही.’ चोपड्याकडच्या अडावदजवळ उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे. त्याला नानांनी पैकीच्या पैकी गुण दिलेत, कारण आंघोळीच्या पाण्याचा गॅस वाचला. पारोळ्याचा स्वतःचा भुईकोट किल्ला, १७२७च्या सुमारास जहागीरदारांनी बांधलेला, या वहीत नाही. तिथे मुक्काम करता येत नाही, म्हणजे नानांच्या लेखी ते ठिकाणच नव्हे. आणि आश्विनात बालाजीच्या रथोत्सवाला पाहुणे येतात तेव्हा ‘खरी मजा गाडीत झोपण्यात आहे’ असं सांगून नाना त्यांना ओम्नीची किल्ली देतात.

फक्त एकदा या वहीचा सूर बदललेला दिसतो. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत गेले होते. घोड्यांचा तो प्रचंड बाजार. परराज्यांतले व्यापारी घोड्यांशेजारीच राहुट्या ठोकून राहतात, तिथेच रांधतात, तिथेच निजतात. नाना खूश झाले, आपली माणसं भेटली म्हणून. परतताना धुळ्याच्या बाजूला एका रिकाम्या शेतात मेंढ्या बसवलेल्या दिसल्या. ठेलारींचा वाडा होता. शेतकऱ्याला लेंडीखत हवं असतं, मेंढपाळाला जागा. नानांनी शेजारीच ओम्नी लावली. पहाटे त्यांनी बघितलं ते असं: एका बाईनं अंथरुणं गुंडाळली, भांडी एकात एक बसवली, घोड्यावर बाज उलटी टाकली, तिच्यात कोंबड्या, कोकरू आणि सगळ्यात वर झोपेतलं पोर ठेवलं, दोरी आवळली आणि निघालीसुद्धा. नानांची मच्छरदाणी तोवर अर्धी घडी झाली होती. शेऱ्याच्या रकान्यात नुसतं लिहिलंय, ‘यांच्याकडून शिकणे.’ पिढ्यान्‌पिढ्या संसार घोड्यावर घालून फिरणाऱ्या या लोकांना पर्यटक म्हणायचं कुणाच्या मनात येत नाही. आमच्या नानांना मात्र तालुक्यातून सत्काराची बोलावणी येतात.

२०२१ मध्ये राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अशा गाड्यांसाठी पाणी, वीज, सांडपाण्याची सोय असलेले पार्क व्हावेत असं त्यात आहे. नानांनी ते छापून घेतलं, तांबड्या पेनानं तपासलं आणि महामार्गालगत पारोळ्यालाही असा एक पार्क हवा म्हणून सुवाच्य अक्षरात निवेदन दिलं. पार्कात मुक्कामाला पैसे पडतील हे कुणीतरी लक्षात आणून दिल्यापासून त्यांनी त्या निवेदनाचा पाठपुरावा थांबवला आहे.

सध्या कापूस घरात आलाय, रस्ते कोरडे आहेत आणि नाना-नानी बाहेर पडलेत. तुमच्या गावच्या देवळासमोर एका अंगाला कललेली ओम्नी दिसली तर एवढं करा. नानांना एकदा तरी स्वतःची खिचडी स्वतः शिजवू द्या. पाच किलोचा तो सिलिंडर गेल्या दिवाळीला भरलाय आणि अजून निम्मासुद्धा संपलेला नाही. नानींना मात्र आग्रहानं घरात न्या, आणि पलंग असेल तर पलंगावर झोपवा.