हरकतकाका

वसईत ‘नागरिकांच्या सूचना’ मागवणारी कुठलीही बैठक असो, दुसऱ्या रांगेतली भिंतीकडची खुर्ची काकांची. पहिल्या रांगेत पुढारी बसतात आणि चहा झाला की उठतात, म्हणून ती वर्ज्य. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत झेरॉक्स आणि प्रत्येक झेरॉक्सवर आवक-जावकचा शिक्का.

महापालिका 2009 साली झाली. काकांच्या हरकती त्याआधीच्या. 2016 साली एमएमआरडीएच्या प्रादेशिक आराखड्याचा मसुदा आला, तेव्हा हरित पट्टा वाचवायला वसईकरांनी गठ्ठ्यांनी हरकती दिल्या. काकांनी घरातल्या प्रत्येकाच्या नावाने एकेक दिली. लग्न होऊन बोरिवलीला गेलेली मुलगीही सुटली नाही.

हल्ली विषय हवामानाचा. मुंबईचा वातावरण कृती आराखडा मार्च 2022 मध्ये जाहीर झाला, तो काकांनी छापून घेतलाय. पाठपोट, कारण कागद वाचवायचा असतो. “मुंबईत तुंबलं की बातमी, आमच्याकडे तुंबलं की पावसाळा!”

अशाच एका बैठकीत सल्लागार कंपनीची मुलगी भिंतीवर नकाशा लावते. पाणी साचतं तिथे निळी चिठ्ठी चिकटवा, म्हणते.

“बाय, एका चिठ्ठीत काय भागतंय? गड्डी दे.”

मग 2018 चा जुलै निघतो. नालासोपाऱ्याचे पाण्याखाली गेलेले रूळ, मिठागरांत अडकलेली माणसं. मागून कुणीतरी “आटपा” म्हणतं. काका आटपत नाहीत.

“आणि यात बावखल कुठाय?”

“ते काय असतं, सर?”

सभागृह कपाळावर हात मारतं. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी धरतं, आजूबाजूच्या विहिरींना पाझर देतं, समुद्राचं खारं पाणी जमिनीत पुढे सरकू देत नाही. याच पाण्यावर केळीच्या बागा पिकल्या. “आता त्यात भराव घालतात, वर इमारत बांधतात आणि नाव ठेवतात ‘लेक व्ह्यू’. त्या नावालाही माझी हरकत आहे. लिही.”

मुलगी खरंच लिहून घेते; वर बावखलं कुठे कुठे होती तेही विचारते. काका क्षणभर गडबडतात. त्यांना आजवर कुणी उलट प्रश्न विचारलेला नसतो. मग ते पेन काढतात आणि नकाशावरच गोल मारत सुटतात. कंत्राटात नसलेली माहिती त्या दुपारी फुकट मिळते.

एवढ्यात शेजारचा खवचटपणे विचारतो, “काका, तुमच्या अंगणात पेव्हर ब्लॉक कुणी टाकले?”

“सुनेनं,” काका पिशवी चाचपत म्हणतात. “लेखी हरकत दिलीय. सुनावणी बाकी आहे.”