श्रीखंडाचा डबा

तात्यांच्या फ्रिजच्या डोक्यावर किलोभर श्रीखंडाचा डबा असतो. त्यात श्रीखंड नाही, हे त्यांच्या नातवाला तिसऱ्या वर्षीच कळलं. त्यात औषधं असतात. "औषधं थंड जागी ठेवावीत म्हणतात. फ्रिजमध्ये जागा नाही, म्हणून फ्रिजवर," असा तात्यांचा खुलासा. तिथे फ्रिजची ऊब खालून येते आणि कुकरची वाफ बाजूने.

डबा उघडला की घराण्याचा इतिहास बाहेर येतो. मेहुण्यांच्या गुडघ्याच्या गोळ्या, सुनेच्या बाळंतपणातलं टॉनिक, थोरल्याच्या कांजिण्यांचं कॅलामाइन. थोरला आता टक्कल लपवायच्या वयाचा आहे. बऱ्याच गोळ्यांना तारीखच नाही. केमिस्टने चार गोळ्या कात्रीने कापून दिल्या आणि तारखेची बाजू दुकानात राहिली. जिला तारीख नाही तिला मरण नाही, असं तात्या धरून चालतात.

"आणि तारीख असली म्हणून काय? एकतीसच्या रात्री बारा वाजता गोळीला काय झटका येतो का रे?"

पंचाईत ही, की यात ते निम्मे बरोबर आहेत. मुदतीच्या दिवशी औषध मरत नाही. मुदत म्हणजे तोवर पूर्ण ताकदीची कंपनीने दिलेली हमी. अमेरिकी सैन्याचा साठा वाया जाऊ नये म्हणून 1986 पासून तिथे जुनी औषधं तपासतात. 122 औषधांचे साठे तपासले, तर 88 टक्के साठे आणखी किमान वर्षभर चालण्याजोगे निघाले. याचं कात्रण तात्यांच्या पाकिटात असतं. फक्त तेही केमिस्टच्या पट्टीसारखं सोयीच्या जागी कापलेलं. ती औषधं सीलबंद होती, नीट जपलेली होती आणि प्रयोगशाळेतून तपासून घेतलेली होती, हा भाग कात्रीपलीकडे गेला. तात्यांची प्रयोगशाळा म्हणजे त्यांचं नाक. मागे जुन्या ॲस्पिरिनला व्हिनेगरचा वास यायला लागला. ते औषध फुटल्याचं लक्षण. तात्या म्हणाले, "मुरलीय."

जुन्या, खराब झालेल्या टेट्रासायक्लिनने माणसांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचं 1963 साली नोंदलं गेलंय, असं मी एकदा सांगून पाहिलं. "साठ वर्षं झाली त्याला," तात्या म्हणाले. "त्या बातमीचीच एक्सपायरी झाली."

पण तारीख सोयीची असली की हेच तात्या कायद्याचे पक्के. डोळ्यांत घालायचे थेंब बाटली फोडल्यावर साधारण महिनाभरात टाकायचे असतात. तात्यांनी बाटली गणपतीत फोडली, आता शिमगा आला. "छापलेली तारीख पुढल्या वर्षाची आहे. कंपनीला कळत नाही का?"

अँटिबायोटिकचा कोर्स त्यांनी आयुष्यात पुरा केलेला नाही. पाच दिवसांच्या गोळ्यांत तिसऱ्या दिवशी बरं व्हायचं आणि दोन दिवसांच्या मागे टाकायच्या. ही शिल्लक ते मुदतठेवीसारखी सांगतात. परवा माझी दाढ ठणकत होती, तर तात्यांनी ठेव मोडली. तळहातावर तीन गोळ्या ठेवल्या. दोन पांढऱ्या, एक पिवळी. "हीसुद्धा पांढरीच होती," ते म्हणाले.

मी त्या खिशात घातल्या. काकू दारापर्यंत आल्या. त्यांना रक्तदाब आहे, साखरही आहे. या दुखण्यांत गोळी कमजोर निघाली तर दाढेसारखं ठणकून कळत नाही. कळतं ते एकदम दवाखान्यात.

"काकू, तुमच्या गोळ्याही त्याच डब्यात?"

काकूंनी मागे वळून पाहिलं आणि आवाज उतरवला. "भाजणीच्या डब्यामागे. दर महिन्याला मीच आणते, न कापता अख्खी पट्टी. यांना बोलू नकोस हं, साठवायला नेतील."

तेवढ्यात आतून तात्यांची हाक आली, "जेवल्यावर घे रे! आणि उरल्या तर परत आण."