पहिला भाग चुकीचा आहे

ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला डॉ. एस. आर. रंगनाथन यांची पाच सूत्रं पाठ करावी लागतात. १९३१ साली मांडलेली ही सूत्रं आहेत अगदी साधी : पुस्तकं वापरण्यासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवावा आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. परीक्षेत मी ती धडाधड लिहिली, मार्क पदरात पाडून घेतले आणि तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचा बालविभाग सांभाळायला लागले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि चौथं सूत्र एका रात्रीत निकामी झालं. वाचकाचा वेळ वाचवायचा कशाला? त्याच्याकडे वेळाशिवाय दुसरं होतं काय? पहिल्या सूत्राची गत त्याहून वाईट. पुस्तकं वापरण्यासाठी असतात, हे कुलूप लावलेल्या दाराबाहेर उभं राहून स्वतःला बजावायला बराच धीर लागतो.

कुलपातून सुटली ती फक्त मुलांच्या घरी गेलेली पुस्तकं. आमच्याकडे पुस्तक सात दिवसांत परत करायचा नियम आहे. महाराष्ट्रातली ग्रंथालयं उघडायला सरकारने परवानगी दिली ती १५ ऑक्टोबरपासून. म्हणजे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ज्याने जे नेलं, ते त्याचं सात महिन्यांचं नशीब. कुणाच्या वाट्याला फास्टर फेणे आला, कुणाच्या बोक्या सातबंडे. चौथीतल्या एका मुलाला आईने बळेच सामान्यज्ञानाच्या प्रश्नोत्तरांचं पुस्तक घ्यायला लावलं होतं. तो बिचारा सात महिने देशोदेशींच्या राजधान्यांबरोबर राहिला. आणि पाचवीतल्या एका मुलीने अरबी गोष्टींच्या संचातला एकदम तिसरा भाग नेला होता, कारण पहिले दोन बाहेर गेलेले होते. मी म्हटलं, थांब की जरा. तर म्हणाली, "ताई, आठवड्याचा तर प्रश्न आहे."

मला स्वतःला वाटलं होतं, आता आपली चंगळ. ग्रंथपाल दिवसभर वाचत असतो असं जे लोकांना वाटतं, ते निदान आता तरी खरं होईल. निवृत्तीनंतर वाचायच्या म्हणून बाजूला काढलेल्या जाडजूड कादंबऱ्या मी उशाशी आणून रचल्या. त्या तिथेच राहिल्या. एक परिच्छेद वाचायचा आणि आज आपल्या जिल्ह्यात रुग्ण किती ते मोबाइलवर बघायचं. पुन्हा परिच्छेदाकडे यावं, तर त्यातला नायक कोण आणि त्याचा काका कोण याचा पत्ता नसायचा. अखेर हाताशी आली ती डागडुजीसाठी घरी आणलेली बालविभागाची पुस्तकं. कुणाचं मुखपृष्ठ निखळलेलं, कुणाच्या पाठीला चिकटपट्टी लावायची. चिकटवता चिकटवता वाचायला लागले आणि वाचतच राहिले. टाइप मोठा, प्रकरणं छोटी, आणि संकट कितीही मोठं असलं तरी पुस्तक संपेपर्यंत मिटणार याची हमी.

पण वाचताना भलतंच काही जाणवायला लागलं. मुलांच्या पुस्तकांत घरात कुणी बसतच नाही हो! भा. रा. भागवतांचा बनेश फेणे सायकलवर टांग टाकून निघाला, की माझ्या मनात पहिला विचार यायचा, अरे, मास्क? आणि नाक्यावर पोलिसांनी अडवलं तर पास आहे का? ताम्हनकरांच्या गोट्याला दुसऱ्याच्या घरात शिरताना बघून मी हात धुवायला उठायची तेवढी राहिले. सगळं बालसाहित्य या एका गोष्टीवर उभं आहे : मूल उंबऱ्याबाहेर पडतं आणि मोठ्यांच्या नजरेआड होतं. २०२० साली राक्षस, उडते गालिचे आणि चंद्रावरच्या स्वाऱ्या यांत अविश्वसनीय असं काही उरलंच नव्हतं. अविश्वसनीय होतं ते एवढंच, की संध्याकाळी चार पोरं मैदानात जमली.

त्याच दिवसांत 'तोत्तोचान' पुन्हा वाचलं. तेत्सुको कुरोयानागी यांचं हे पुस्तक चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादामुळे मराठी घराघरांत पोचलं आहे. आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरणारी ती शाळा कुठलं मूल विसरेल? आपल्या रेल्वेने तेव्हा डब्यांचे विलगीकरण कक्ष केले होते. ती बातमी बघून एका मुलाने मला फोनवर गंभीरपणे कळवलं, "ताई, तोत्तोचानच्या शाळेत पेशंट ठेवलेत." मी मात्र या वेळी डब्यांपाशी नाही, दुसऱ्याच प्रसंगापाशी थबकले. एका शाळेतून काढून टाकलेली ही मुलगी नव्या शाळेत येते, तेव्हा मुख्याध्यापक कोबायाशी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसतात आणि तिला जे सांगायचं असेल ते सांगू देतात. चार तास! मध्ये जांभई नाही, घड्याळाकडे बघणं नाही. पूर्वी हा प्रसंग मी, काय थोर शिक्षक, म्हणून वाचून पुढे जात असे. आता वाटलं, अरेच्चा, हेच तर माझं काम होतं.

कारण बालविभागात पुस्तक परत येतं ते असं. मूल येतं, पुस्तक छातीशी धरून काउंटरला टेकतं, पण हातातलं सोडत नाही. आधी गोष्ट सांगतं. 'आणि मग' या दोन शब्दांवर अख्खी गोष्ट चालते. मध्येच मागे जाऊन, 'ते एक सांगायचं राहिलंच' होतं. भुताचा आवाज काढून दाखवला जातो. मागे रांग लागलेली असली तर रांगेतलं एखादं ते पुस्तक वाचलेलं असतं, ते दुरुस्त्या सुचवतं. न वाचलेलं कानांवर हात ठेवून "सांगू नको, सांगू नको" म्हणून ओरडतं. सगळं सांगून झालं की पुस्तक टेबलावर येतं. ते माझ्या लेखी तेव्हा वाचून होतं. मुलं पुस्तक वाचतात तीच मुळी कुणाला तरी सांगण्यासाठी. घरात आईला वेळ नसतो, बाबांना वेळ असला तर ते मध्येच 'तात्पर्य काय?' विचारतात. म्हणून वाचनालयाने पगारावर ऐकणारी एक बाई नेमलेली असते. वर्गणीच्या पावतीवर हे कुठेही छापलेलं नाही.

टाळेबंदीत पुस्तकं पोचवायच्या वाटा निघाल्या. ऐकायची वाट काही केल्या निघेना. मी मोबाइलवर गोष्टी वाचून पाठवायला लागले. सुरुवात 'श्यामची आई'ने केली. साने गुरुजी १९५० साली गेले, लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडे लेखन सर्वांना खुलं होतं, तेव्हा त्या बाजूने निर्धास्त होते. शिवाय नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं, आश्रमातल्या मंडळींना रात्री सांगितलेल्या गोष्टींच्या रूपातलं पुस्तक. बंद दाराआडच्या दिवसांना याहून योग्य काय? तिसऱ्या रात्रीनंतर एका पालकांचा निरोप आला : "ताई, घरात आधीच वातावरण असं आहे. काही हसतं-खेळतं नाही का?" मग मी विंदांच्या 'राणीच्या बागे'त शिरले. एकदा माकडाच्या ऐन भरात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. नंतर आठवडाभर मुलांची एकच मागणी, शिट्टीवाली गोष्ट परत पाठवा. 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर फुकट ठेवले आहेत, तेही कळवून पाहिलं. पालक हरखले, स्वतःच्या लहानपणचे अंक शोधत बसले. मुलं म्हणाली, मोबाइलवर वाचलं की शाळा चालू असल्यासारखं वाटतं. ज्यांच्या घरात एकच फोन आणि तोही सकाळी वडिलांबरोबर कामावर जाणारा, त्यांना तर एवढं म्हणायचीही सोय नव्हती.

फोन करून गोष्ट ऐकायचाही प्रयत्न केला. काउंटरवर तोंड न मिटणारी मुलं फोनवर साक्षीदार होतात. "आवडलं का?" "हो." "काय आवडलं?" "सगळं." मागून आईचा आवाज : "अरे, नीट सांग ना ताईंना! एवढं तर वाचलंस!" संपलं. परीक्षा सुरू झाली की गोष्ट पळून जाते.

पावसाळ्यात वाट सापडली ती बुरशीमुळे. बंद कपाटांत दमट हवा कोंडली की बांधणीच्या खळीवर पांढुरकी बुरशी धरते. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालत, त्यांची पुस्तकं तगतात. हल्लीच्या बांधणीला कसर आणि बुरशी दोन्ही आनंदाने लागतात. तेव्हा आठवड्यातून एकदा कपाटं उघडून हवा द्यायला कार्यकारिणीने मला आणि आमच्या शिपाईमामांना परवानगी दिली. आमचे कार्यवाह निवृत्त वकील. त्यांनी आदेश चष्मा वर करून वाचला आणि निकाल दिला : वाचकांनी आत यायचं नाही असं म्हटलंय, पुस्तकांनी बाहेर जायचं नाही असं कुठे म्हटलंय? झालं. मामांच्या सायकलला दोन पिशव्या लागल्या.

पिशवी फाटकाला अडकवायची, हाक मारायची आणि मागे सरायचं, असा आमचा शिरस्ता होता. दुसऱ्याच फेरीला एका चाळीच्या वरच्या मजल्यावरच्या गॅलरीतून एक मुलगा ओरडला, "ताई, जाऊ नका, सांगायचंय!" आणि कठड्याला लोंबकळून त्याने गोष्ट सुरू केली. मी खाली रस्त्यात, मास्क लावून, मान वर करून उभी. पाचएक मिनिटांत शेजारच्या गॅलरीतली आजी धान्य निवडायचं थांबली. समोरच्या इमारतीतून एका मुलीने किंचाळून सांगितलं, शेवट सांगितलास तर बघ, पुढचा नंबर माझा आहे. त्यावर आजी म्हणाल्या, "तू कानात बोटं घाल बाई, मला शेवट ऐकायचाय." पुढच्या आठवड्यात आम्ही चाळीपाशी वळलो, तेव्हा गॅलऱ्यांमधून मोठी माणसंच जास्त उभी होती. मामांनी सायकल स्टँडला लावली आणि हळूच म्हणाले, "बाई, पुस्तकं कमी आणली तरी चालतील, पण वेळ जास्त काढून या."

ऑक्टोबरमध्ये दारं उघडली. परत आलेलं पुस्तक तीन दिवस वेगळं ठेवायचं, असं आम्ही ठरवलं. खोक्यांवर तारखा टाकल्या. सॅनिटायझर फवारणारे उत्साही पालक आवरावे लागले, कारण त्याने विषाणू मरो न मरो, मुखपृष्ठावरची शाई नक्की जाते. पहिलीतल्या एका मुलीने खोक्यात डोकावून विचारलं, "याला खोकला आहे का?" आणि फास्टर फेणेला तीन दिवस एका जागी बसवल्याबद्दल एका मुलाने माझ्याकडे लेखी निषेध नोंदवला. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद, पुन्हा सायकल.

या सगळ्यात एक नुकसान असं झालं, की ते कुठल्याच अहवालात बसत नाही. आमची कपाटं वयाप्रमाणे लावलेली आहेत. तिसरीत गेलेली मुलं पाचवीत परत आली. मधलं आठ ते दहा वर्षांचं कपाट त्यांच्या आयुष्यातून वगळलं गेलं. पुस्तकं होती तिथेच होती, वयच पुढे निघून गेलं. मी त्यांना वरच्या वर्गाची पुस्तकं दाखवते. ती मान डोलावतात, आणि मागे वळून पाहावं तर गुडघे हनुवटीला टेकवून बुटक्या बाकावर बसलेली, राहून गेलेलं कपाट उपसत असतात. कुणी ओळखीचं आलं की पुस्तक मिटून, "धाकट्या बहिणीसाठी बघतोय," असं सांगतात. त्यातल्या बऱ्याच जणांना धाकटी बहीण नाही, हे मला वर्गणीच्या फॉर्मवरून माहीत आहे. मी काही बोलत नाही.

तिसरा भाग नेलेली ती मुलगी आली, ती एक दोनशे पानी वही घेऊन. गोष्टींच्या आधी काय झालं हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून पहिला आणि दुसरा भाग तिनेच लिहून काढला होता. मी कौतुकाने खरा पहिला भाग काढून दिला. चार दिवसांनी तो टेबलावर आपटत तिने निर्णय दिला, "ताई, पहिला भाग चुकीचा आहे. राणी असं कधीच करणार नाही. मी तिला सात महिने ओळखते."

यावर रंगनाथनांकडेही उत्तर नसावं. मी वहीला पुठ्ठ्याची बांधणी करून घेतली, मोरचूद घातलेल्या खळीची, आणि दाखल नोंदवहीत रीतसर क्रमांक टाकला. किमतीच्या रकान्यात 'भेट' लिहिलं. आता छापील पहिला भाग कपाटात बसून असतो आणि वही हातोहात फिरते. लेखिकाबाई सातवीत गेल्या, तरी शनिवारी उगाच काउंटरपाशी घुटमळतात. वही परत करणारं मूल काय सांगतंय, ते पुस्तकं चाळल्यासारखं करत ऐकतात. परवा दुसरीतला एक जण सगळी गोष्ट सांगून झाल्यावर म्हणाला, "छान आहे, पण मध्ये जरा लांबलंय." उशिराच्या पुस्तकाला आमच्याकडे दिवसाला एक रुपया दंड असतो. तिने मला बाजूला घेऊन विचारलं, अभिप्रायाला किती आहे?