मिरीला ‘बघून’ गेलेल्या सर्व सन्माननीय कुटुंबांस



गेल्या काही रविवारी आपण सहकुटुंब आमच्याकडे आलात, कांदेपोहे खाल्लेत, चहा घेतलात, ‘घरी बोलून कळवतो’ म्हणालात आणि कळवलं नाहीत. याबद्दल माझी तक्रार नाही. ज्या समाजात मुलगी बघण्याचा कार्यक्रम पिढ्यान् पिढ्या असाच होत आला, तिथे रस्त्यावरच्या कुत्रीच्या पिल्लाला जास्त मान मिळावा अशी अपेक्षा करणं उद्धटपणाचं ठरेल. फक्त आपल्या काही प्रश्नांची उत्तरं बश्या भरण्याच्या गडबडीत राहून गेली. ती जाहीरपणे देते, म्हणजे पुढे येणाऱ्यांचाही रविवार वाचेल.

आधी रीतसर माहिती. नाव मिरी. वय अंदाजे तीन महिने. रंग काळा, छातीवर पांढरा ठिपका, एक कान उभा, दुसऱ्याचा निर्णय व्हायचा आहे. आई बाणेरच्या एका बांधकामावरची गावठी कुत्री. वडील शेजारच्या बंगल्यातले लॅब्रॅडॉर असावेत असा तिथल्या वॉचमनचा अंदाज आहे. बंगल्याने इन्कार केला आहे. मी मिरीची मालकीण नाही, फॉस्टर आहे. म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत तिला खाऊ घालणारी, जंताचं औषध पाजणारी आणि रात्री दोन वाजता गॅलरीतलं वर्तमानपत्र बदलणारी बाई.

आता प्रश्न पहिला, जो चपला काढता काढताच येतो: ‘ब्रीड कोणतं?’ आपली चिंता मला समजते. जाहिरातीत ‘लॅब मिक्स’ लिहिलं की फोन वाढतात, ‘गावठी’ लिहिलं की थांबतात; पिल्लू दोन्ही वेळा तेच असतं. जातीवरून स्वभाव कळतो, असं आपल्यापैकी एका काकांनी ठामपणे सांगितलं. अमेरिकेतल्या संशोधकांनाही हा प्रश्न पडला होता. त्यांनी अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या पालकांना प्रश्न विचारले, दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुकं तपासली आणि २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष छापला: एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं असतं, त्यातला जेमतेम ९ टक्के फरक जातीने समजावता येतो. काकांचा अनुभव दांडगा आहे, हे मी त्या संशोधकांना कळवायचा विचार करते आहे. जाता जाता, आपल्यापैकी बहुतेकांच्या देवघरात दत्ताची तसबीर असेल. तिच्यातल्या चारही श्वानांकडे केनेल क्लबची कागदपत्रं आहेत का, हे सवडीने तपासून घ्यावं. नसल्यास काय करायचं, ते आपण समर्थपणे ठरवालच.

प्रश्न दुसरा: ‘मादी आहे होय? नर असता तर लगेच नेला असता.’ या विषयात महाराष्ट्राने मोठी मजल मारली असल्याचं मी ऐकलं होतं. ती मजल कुत्र्यांपर्यंत पोचायला थोडा वेळ लागेल इतकंच. ‘पिल्लांची भानगड नको’ असं म्हणणाऱ्यांना मी सांगितलं की मिरीची नसबंदी सहाव्या महिन्याच्या आसपास करून घेणं ही आमची अटच आहे. त्यावर त्याच कुटुंबातल्या आजी कळवळल्या, ‘अहो, निदान एक बाळंतपण तरी होऊ द्या बिचारीचं! शास्त्र आहे ते.’ ते शास्त्र पशुवैद्यकात तरी सापडत नाही. पण आजींच्या मायेचा मान राखून एक तोडगा सुचवते: जी सहा-सात पिल्लं होतील ती सर्व आजींच्या खोलीत राहतील आणि त्यांना बघायला येणाऱ्यांचे पोहेही आजीच करतील.

प्रश्न तिसरा: ‘सगळं शिकलेलं आहे ना?’ शिकते आहे. तीन महिन्यांचं पिल्लू दिवसा तीन-चार तासांच्या वर लघवी रोखू शकत नाही, हा तिच्या संस्कारांचा दोष नाही, मूत्राशयाचा आकार आहे. बाकी तिच्या शिक्षणातली खरी अडचण वेगळीच आहे. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिकारशक्ती पहिल्या काही महिन्यांत कधीतरी ओसरते. ती अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही आणि ओसरली की पिल्लू उघडं पडतं. नेमका दिवस कोणालाच सांगता येत नाही, म्हणून सहाव्या-आठव्या आठवड्यापासून सोळाव्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा टोचावं लागतं, आणि तोवर तिला रस्त्यावर सोडायचं नाही. कारण पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन् महिने जिवंत राहतो आणि साध्या फिनाइलला दाद देत नाही. इकडे जगाची भीती मोडण्याचं वयही नेमकं तेच, साधारण तिसरा ते चौदावा आठवडा. जमिनीला पाय लागू द्यायचा नाही आणि जग तर दाखवायचं! म्हणून कोथरूडमध्ये एक प्रौढ बाई काळं पिल्लू कडेवर घेऊन बसथांब्यावर उभी राहते. बस मात्र पकडत नाही. हॉर्न, हेल्मेटवाले, छत्र्या, भाजीवालीची हाळी आणि ढोलपथकाचा सराव ऐकवून घरी परत येते. ‘वेड लागलंय’ असं जे आपण जिन्यात म्हणालात, ते मला ऐकू आलं. मिरीलाही आलं, त्या आवाजाचीही तिला आता सवय झाली आहे.

आहाराबद्दलही बोलणं झालं. ‘आमच्या वेळी कुत्री दूधपोळीवर वाढायची,’ असं आपण म्हणालात. वाढायची त्यांची आपल्याला आठवण आहे. न वाढलेल्यांची गणती कुणी ठेवली नव्हती. गाईम्हशीचं दूध पुष्कळ पिल्लांना पचत नाही. आपल्या चिरंजीवांनी प्रेमाने पुढे केलेला पोह्यांचा घास मी झडप घालून काढून घेतला, त्याचा आपल्याला राग आला. कांदा कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो, हे तेव्हा सांगायला वेळ नव्हता. चॉकलेट आणि द्राक्षं यांनाही हीच बंदी आहे. नाशिकच्या पाहुण्यांनी कृपया मनाला लावून घेऊ नये.

‘आमची सोसायटी परवानगी देत नाही,’ हे कारण मला सर्वांत आवडलं, कारण त्यात कोणाचाच दोष नसतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली पत्रक काढून स्पष्ट केलं आहे की सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव करूनही सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, आणि लिफ्टही नाकारता येत नाही. त्या पत्रकाची प्रत मी आपल्याला पाठवली. तेव्हापासून आपला फोन लागत नाही. नेटवर्कचं बघून घ्यावं.

आता आपला सर्वांत रास्त आक्षेप: ‘रस्त्यावरचं कुत्रं फुकट द्यायचं, तर एवढा फॉर्म, घरभेट, चौकश्या कशाला?’ घर भाड्याचं असेल तर मालकाची लेखी संमती, गॅलरीला जाळी आहे का, घरातल्या प्रत्येकाला कुत्रा हवा आहे का, गावाला जाताना कुणाकडे ठेवणार... पासपोर्टलाही इतकं विचारत नाहीत, असं आपण म्हणालात. खरं आहे. पण पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, कुत्रा बारा ते पंधरा वर्षांचा. आज पाचवीत असलेले चिरंजीव इंजिनिअर होऊन एम.एस.ला जातील, तेव्हा मिरी म्हातारी होऊन आपल्याच सोफ्याखाली झोपलेली असेल, आणि तिचं संधिवाताचं औषध आपणच द्याल. दहावीचं वर्ष, बदली, नवं बाळ, नवं फर्निचर या कारणांनी सोडलेली कुत्री आम्हाला टेकडीवर गळ्यात पट्ट्यासकट सापडतात. प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणं हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांच्या धाकाने जे होत नाही, ते मला चार पानी फॉर्मने करावं लागतं. आमच्या चौकश्या आपल्याला जाचक वाटतात. कायद्याला मात्र आपल्यावर पूर्ण विश्वास आहे.

शेवटचा प्रश्न आपण निघताना, मिरीने आपली चप्पल परत केल्यावर, विचारता: ‘एवढा जीव लावलाय तर तुम्हीच का नाही ठेवून घेत?’ आमच्यात याला ‘फॉस्टर फेल’ म्हणतात. नाव नापासाचं असलं तरी सगळे पेढे वाटतात. पण माझ्या दोन खोल्यांत जागा एकाच पिल्लाची आहे. मिरीला ठेवून घेतलं की ती भरली, आणि पावसाळ्यात गटाराच्या पाइपमधून जे पुढचं पिल्लू निघेल, त्याच्यासाठी येणाऱ्या फोनवर मला ‘नाही’ म्हणावं लागेल. ते कदाचित आणखी काळं, आणखी मादी, आणखी गावठी असेल. तिला देऊन टाकणं हेच माझं काम आहे. मात्र ते कुणालाही देऊन टाकणं नाही, आणि म्हणूनच इतके रविवार चालले आहेत.

तेव्हा विनंती अशी, की आपण विचार पूर्ण केला असेल तर ‘नाही’ असं कळवावं. नकार पचवण्याची आम्हा दोघींची तयारी आहे. ‘कळवतो’वर मात्र आठवडे जातात आणि पिल्लाचं पिल्लूपण त्याच आठवड्यांत संपतं. त्यानंतर तर बघायलाही कोणी येत नाही.

आपली नम्र,
मिरीची तात्पुरती आई

ता. क. – आपल्यापैकी एका कुटुंबाने आमच्याकडून निघून त्याच आठवड्यात ‘पेपर्स’वालं पिल्लू विकत घेतल्याचं कळलं. अभिनंदन. ते ४५ दिवसांचं असल्याचंही कळलं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी मनाई आहे, पण तो हिशेब विकणाऱ्याशी. आपण एवढंच करा: लसी पूर्ण होईपर्यंत त्याला बागेत सोडू नका. उलट्या आणि रक्ताचे, उग्र वासाचे जुलाब सुरू झाले तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका. पार्व्हो कागदपत्रं बघत नाही. रात्री उघडा असणारा दवाखाना मला माहीत आहे. फोन कितीही वाजता करा, पोह्यांचा हिशेब काढणार नाही.